वाळलं की मेलं

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की साधारण अर्ध्या वाटेवर तामलवाडी लागते. सोलापूर जिल्हा मागे पडतो आणि धाराशिव सुरू होतो. कोजागरीच्या सुमारास सोलापुरातून आणि कर्नाटकातून निघालेले भाविक रात्रंदिवस याच रस्त्याने पायी आईच्या दर्शनाला जातात. एरवी टोलनाक्यावर मालमोटारींची रांग असते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी रानं, मधूनच उघडा पडलेला मुरूम, ज्वारी, सोयाबीन, कुठे द्राक्षाची बाग. या शिवारात नेचं शोधायला कुणी येणार नाही.

नेचं म्हटलं की आपल्याला आंबोली आठवते, महाबळेश्वर आठवतं. धुकं, ठिबकणारे कडे, आणि शाळेच्या सहलीत पानाची पांढरी बाजू मनगटावर दाबून उमटवलेला तो रुपेरी ठसा. नेचं म्हणजे ओलावा, असं समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते चुकीचं नाही, पण अर्धंच खरं आहे. तामलवाडीसारख्या कोरड्या मुलखातही नेची राहतात. त्यातल्या दोघांचा उन्हाळ्याशी केलेला व्यवहार इतका उलटसुलट आहे की एकाची ओळख करून द्यायची तर दुसऱ्याचं नाव घेतल्याशिवाय भागत नाही.

पहिली मयूरशिखा. दख्खनच्या पठारावर जुन्या दगडी भिंतींच्या सांध्यात, विहिरीच्या काठाच्या फटीत, कातळाच्या चिरेत ती असते. वीतभरही उंच नाही. ताडाचं झाड कुणीतरी बोटाएवढं करून दगडात खोवावं तशी दिसते. मे महिन्यात पाहाल तर तपकिरी, आवळलेली, चुरगाळली तर मोडेल अशी. मृगाची एक सर पडली की तीच वाळकी पानं पुन्हा हिरवी होऊन पंख्यासारखी उलगडतात. तिला लावायला, जपायला कुणी लागत नाही. भिंतीला सिमेंटचा गिलावा केला नाही तर तेवढंच पुष्कळ.

दुसरं नेचं गोठ्यामागे निळ्या ताडपत्रीच्या खड्ड्यात तरंगत असतं. पाण्यावर हिरवी साय धरावी तसं. विचारलं तर उत्तर मिळतं, “शेवाळ आहे हो, जनावरं लई आवडीनं खातात.” काही माहितीपत्रकांतही ‘शेवाळवर्गीय वनस्पती’ असंच छापलेलं असतं. पण अझोला शेवाळ नाही. तो नेचं आहे, मयूरशिखेचा दूरचा भाऊबंद. आणि हे केवळ वनस्पतिशास्त्राच्या वहीत लिहायचं वाक्य नव्हे. अझोला वाढवताना होणाऱ्या बहुतेक चुका त्याला शेवाळ समजल्यामुळे होतात, असं माझं मत आहे. शेवाळ कुठेही येतं, कसंही येतं, उन्हात तर जास्तच येतं. अझोला तसा नाही.

त्याचं नावच बघा. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क याने १७८३ मध्ये ‘अझोला’ हे नाव छापलं. दोन ग्रीक शब्दांचा हा जोड: एकाचा अर्थ वाळणं, दुसऱ्याचा मरणं. वाळलं की मेलं. मयूरशिखा वाळून महिनोन्महिने वाट पाहते. हा गडी तासा-दोन तासांच्या कोरडेपणालाही टिकत नाही. मी पहिल्यांदा आणलेलं किलोभर बियाणं भर दुपारी गाडीच्या डिकीत, बंद पिशवीत राहिलं. घरी येऊन सोडलं तेव्हा शिजलेल्या मेथीसारखं झालं होतं. दुसऱ्या खेपेचं एप्रिलमध्ये उघड्या अंगणात सोडलं. तिसऱ्या दिवशी विटेसारखं लाल, सहाव्या दिवशी तळाला. ग्रीक शब्दांचा अर्थ मला त्यानंतर कळला.

आपल्याकडे मूळचा आहे तो अझोला पिनाटा. आफ्रिकेपासून आशियामार्गे ऑस्ट्रेलियापर्यंत उष्ण मुलखातल्या संथ पाण्यावर तो रानटी आढळतो. रॉबर्ट ब्राउनने १८१० मध्ये त्याला हे नाव दिलं. पिनाटा म्हणजे पिसासारखा, आणि तळहातावर घेतलात की नाव पटतं. सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचं त्रिकोणी पीस, त्यावर कौलांसारखी एकावर एक बसलेली बारीक पानं. खाली पाण्यात लोंबणारी दोऱ्यासारखी मुळं. ती मातीत रुजत नाहीत, पाण्यातूनच काय ते घेतात. बोटाने पाण्यात दाबा आणि सोडा: वर येतो तो कोरडाच. पानाच्या वरच्या अंगावर पाणी ठरत नाही.

प्रत्येक पानाचे दोन भाग असतात. खालचा पातळ, पाण्याला टेकलेला. वरचा जाडसर, हिरवा. या वरच्या भागात एक पोकळी असते आणि तिच्यात भाडेकरू राहतो. अ‍ॅनाबिना नावाचा निळा-हिरवा सूक्ष्मजीव. हवेतला नत्रवायू पकडून वनस्पतीला वापरता येईल अशा रूपात आणणं हे त्याचं काम. हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या मुळावरच्या गाठींतले जिवाणू हेच करतात. पण तिथे दर हंगामात मातीतून नवी भरती होते. अझोल्यात तसं नाही. त्याचे बीजाणू तयार होतात त्यांच्यासोबतच या सूक्ष्मजीवाची शिदोरी बांधली जाते, म्हणजे भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या वारशाने येतो. इतक्या काळात त्याची स्वतंत्र राहण्याची सवयच मोडली आहे. २०१० मध्ये त्याची जनुकं वाचली गेली तेव्हा एकट्याने जगायला लागणारी कितीतरी जनुकं निकामी झालेली आढळली. भाडेकरू कसला, घरजावईच म्हणा.

आता यातून व्यवहाराचं काय निघतं ते पाहू. ज्याच्या घरात खताचा कारखाना आहे त्याला युरिया कशाला? तरीही खड्डा मंद वाटला की युरियाची मूठ टाकणारे पुष्कळ आहेत. पिकाला चालतो, याला का नको, असा सरळ हिशेब. पण पाण्यात तयार नत्र आलं की खऱ्या शेवाळाचं फावतं. ते पाणी हिरवं करून टाकतं आणि अझोला मागे पडतो. त्याला लागतं स्फुरद. ते तो हवेतून आणू शकत नाही. म्हणून खड्ड्यात सुपर फॉस्फेट. कमी पडलं तर पानं लहान राहतात, लालसर होतात, मुळं लांबत जातात.

अझोल्याचं घराणं किती जुनं म्हणाल, तर फारच जुनं. २००४ मध्ये उत्तर ध्रुवाजवळ समुद्राचा तळ खोदून काढलेल्या गाळात अझोल्याच्या बीजाणूंचे थर सापडले, सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचे. तेव्हा तिथे बर्फ नव्हतं. समुद्राच्या वरच्या थरात गोडं पाणी साचलं होतं आणि त्यावर अझोल्याची दाट चादर पसरत असे. हवेतला कार्बन शोषून तो तळाशी गाडण्यात आणि पृथ्वी थंड होण्यात या नेच्याचा हातभार असावा, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात. किती मोठा, यावर वाद आहे.

माणसाशी त्याची जुनी ओळख भातामुळे. चीनमध्ये आणि उत्तर व्हिएतनाममध्ये भाताच्या खाचरात तो शतकानुशतकं खत म्हणून वाढवला गेला. तिथेही अडचण आपलीच: उन्हाळ्यात बियाणं मरतं. ते उन्हाळ्यातून पार नेण्याची हातोटी व्हिएतनाममधल्या मोजक्या गावांकडे होती. थाय बिन्ह प्रांतातलं ला व्हान त्यासाठी नावाजलेलं. ही गावं बियाणं राखायची आणि हंगाम आला की बाकीच्यांना विकायची. युक्ती घराबाहेर जाऊ द्यायची नाही, असा शिरस्ता. आपल्याकडे कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात अझोल्याचं काम सुरू झालं ते भातासाठीच. तो खाचरातून गोठ्यात आणण्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्राच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विकास प्रकल्पाचं. ताडपत्रीच्या खड्ड्याची स्वस्त रीत त्यांनी बसवली आणि या शतकाच्या सुरुवातीला ती दक्षिणेतून देशभर पसरली.

तामलवाडीत भात नाही. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळात या जिल्ह्याने चारा छावण्या पाहिल्या आहेत. त्यामुळे ‘चार चौरस मीटरच्या खड्ड्यात रोज हिरवा चारा’ हे वाक्य इथल्या माणसाच्या कानाला फार गोड लागतं. इथे मला जरा लगाम खेचायचा आहे.

वाळवलेल्या अझोल्यात २० ते २५ टक्के प्रथिनं असतात, हे खरं. हाच आकडा सगळीकडे मोठ्या अक्षरात असतो. बारीक अक्षरात हे असतं की ताज्या अझोल्यात ९३-९४ टक्के पाणीच असतं. म्हणजे गाईला २ किलो ताजा अझोला घातला तर कोरडा ऐवज गेला सव्वाशे ग्रॅम, आणि प्रथिनं तीसेक ग्रॅम. तेवढी तर दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर सरकी पेंडीतून मिळतात. १० लिटर दूध देणाऱ्या गाईच्या नुसत्या दुधातूनच रोज ३०० ग्रॅमहून जास्त प्रथिनं बाहेर पडतात. शिवाय २ मीटर लांब, २ मीटर रुंद खड्डा रोज अर्धा-पाऊण किलोच देतो. २ किलोंना असे तीन-चार लागतील. अझोल्याने पेंड बंद होते असं सांगणारा एकतर विकणारा असतो, नाहीतर त्याने काटा लावून पाहिलेलं नसतं.

मग लोकांना फरक दिसतो तो कसला? माझा अंदाज असा: उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावर असलेल्या जनावराला हिरव्यातून मिळणारं कॅरोटीन जवळजवळ मिळतच नाही, क्षारही अपुरे पडतात. अझोला ती उणीव भरतो. जेवणाच्या ताटात भाकरी नव्हे, पण कोशिंबीर. मुरघास, मका, घास मुबलक असलेल्या गोठ्यात तो नसला तरी बिघडत नाही. दोन उस्मानाबादी शेळ्या, दहा-बारा कोंबड्या आणि एखादी गाय असलेल्या घरात मात्र एक खड्डा शोभतो. कोंबड्यांच्या बाबतीत तर पुरावा ताटातच दिसतो: अंड्याचा बलक गर्द पिवळा होतो.

तेव्हा एक खड्डा करूया. वेळ पावसाळ्यातली धरा, जुलै-ऑगस्टची. ऊन मवाळ, हवेत ओल, पाण्याची ओढाताण नाही. उन्हाळ्यात सुरुवात करणं म्हणजे बाळाला पोहायला पुरात शिकवणं.

जागा झाडाच्या कवडशातली. नेच्याला लखलखीत ऊन नको आणि काळोखही नको. निम्मा-अर्धा प्रकाश पुरतो. लिंबाखाली केला तर पानगळीत रोज पाला काढत बसावं लागतं, म्हणून वर ५० टक्क्यांची शेडनेट ताणलेली बरी. २ मीटर बाय २ मीटर, वीतभर खोल. खोदायचा कंटाळा असेल तर विटा उभ्या करून चौकट केली तरी चालतं. उलट बरंच, पावसाचं वाहतं पाणी आत येत नाही. तळ सपाट हवा, नाहीतर एका कोपऱ्यात पाणी आणि दुसऱ्यात चिखल. खालच्या मुळ्या-खडे टोचू नयेत म्हणून जुनी पोती, त्यावर सिलपॉलिनची ताडपत्री, कडा विटांखाली दाबलेल्या.

तळाला १०-१५ किलो चाळलेली माती पसरा. चुनखडीची काळी माती टाळा. जिच्यात चुन्याचे पांढरे खडे दिसतात ती माती पाणी अल्कधर्मी करते, आणि अशा पाण्यात स्फुरद आणि लोह असूनही वनस्पतीच्या हाती लागत नाहीत. झाडाखालची पोयट्याची, कुजकी माती उत्तम. २ किलो ताजं शेण आणि ३० ग्रॅम सुपर फॉस्फेट बादलीभर पाण्यात कालवून ओता. मग पाणी, चार बोटं ते वीतभराच्या मध्ये, १० सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे साधारण ४०० लिटर लागलं. जास्त खोल करून फायदा नाही. मुळं तळापासून फार वर राहिली तर मातीतलं स्फुरद त्यांना पोचायला वेळ लागतो.

पाण्याचा प्रश्न इथे खरा आहे. आपल्या बोअरचं पाणी जड. ज्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो आणि डाळ शिजत नाही, ते याला मानवत नाही. पत्र्यावरून पडलेलं पावसाचं पाणी टाकीत धरलंत तर सोन्याहून पिवळं. तेवढं नसेल तर निम्मं-निम्मं मिसळा.

गढूळपणा खाली बसला की अर्धा ते एक किलो ताजं बियाणं पसरून वरून हलकं पाणी शिंपडा, म्हणजे उलटी पडलेली पिसं सुलटी होतात. बियाणं शेजारच्या गावच्या चालू खड्ड्यातून मिळालं तर सगळ्यात चांगलं. नाहीतर तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. आणायचं ते उघड्या तोंडाच्या बादलीत, ओलं ठेवून, सकाळी. का ते वर सांगितलंच आहे. गावाच्या गटारावर वाढलेला मात्र आणू नका. सांडपाण्यातले जड धातू शोषून घेण्यात अझोला पटाईत आहे, आणि तो गुण गोठ्यात नको.

मनासारखी हवा असेल तर तो तीन ते पाच दिवसांत दुप्पट होतो. दहा-पंधरा दिवसांत पाणी दिसेनासं झालं की काढायला लागा, आणि मग रोज काढाच. नवशिके इथे चुकतात. अजून दाट होऊ दे म्हणून थांबतात, तो एकावर एक चढतो, खालचा कुजतो, वास सुटतो, बुरशी धरते. दुप्पट व्हायला जागा लागते, आणि ती जागा आपण काढून द्यायची असते.

दर पाच दिवसांनी किलोभर शेण आणि २० ग्रॅम सुपर फॉस्फेट. दर दहा दिवसांनी चौथाई पाणी काढून ताजं भरायचं. काढलेलं पाणी लिंबाच्या, शेवग्याच्या, परसातल्या वांग्यांच्या आळ्यात. महिन्याने पाच किलो माती बदलायची. सहा महिन्यांनी खड्डा मोडून सगळं नव्याने. गोगलगाई किंवा हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध फवारायच्या भानगडीत पडू नका, जनावराच्या तोंडी जायचं आहे ते. बादलीभर निरोगी बियाणं बाजूला काढा, बाकीचं उकिरड्यावर टाका आणि नवी सुरुवात करा.

काढताना चाळणी हवी, बोटभर छिद्रांची परडी सुद्धा चालते. ती अर्ध्या बादली पाण्यावर धरून अझोला दोन-तीनदा धुवा. शेणाचा वास राहिला तर जनावर तोंड फिरवतं, आणि मग ‘आमची खातच नाही’ म्हणून खड्डा बंद पडतो. धुतलेलं पाणी परत खड्ड्यातच ओता. चाळणीतून निसटलेली पिल्लं त्यात असतात. पहिले काही दिवस मूठभर, पेंडीत किंवा सुग्रासमध्ये कालवून. चव बसली की नुसता घातला तरी संपतो. कोंबड्यांना शिकवावं लागत नाही.

गावतळ्यात किंवा शेततळ्यात मात्र सोडू नका. दाट चादर धरली की खालच्या पाण्यात उजेड आणि हवा दोन्ही कमी पडतात, मासे मरतात. शिवाय बाजारात फिरणारा प्रत्येक अझोला पिनाटाच असतो असं नाही. परदेशी जातीही त्यात मिसळल्या आहेत. ताडपत्रीत आहे तोवर तो पाळीव.

दिवाळीनंतर थंडीत तो थोडा लाल होईल. घाबरू नका, तेवढं चालतं. फेब्रुवारी संपला की खरी परीक्षा. एप्रिल-मेमध्ये इथे उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सेंटीमीटरभर उतरते. ४ चौरस मीटरच्या खड्ड्याचं ते ४० लिटर झालं, दोन हंडे आणि वर थोडं. घरी टँकरची वाट पाहायची वेळ आली असताना नेच्यासाठी दोन हंडे मोजावेत असं मी कुणालाही सांगणार नाही. त्या दोन महिन्यांत खड्डा मोडा. ताडपत्री धुऊन, घडी करून सावलीत ठेवा, उन्हात ती तडकते.

फक्त मोडण्याआधी ओंजळभर अझोला एका पसरट घमेल्यात काढून ठेवा. थोडी माती, चिमूटभर शेण, चार बोटं पाणी. रांजणाच्या बुडाशी, जिथे दिवसभर गारवा असतो आणि सकाळचं कोवळं ऊन तेवढं येतं, तिथे. रोज तांब्याभर पाणी. ला व्हानच्या लोकांनी घराबाहेर जाऊ दिली नाही ती गोष्ट थोडीफार हीच. मृग बरसला की त्या ओंजळीतून महिन्या-दीड महिन्यात खड्डा पुन्हा भरतो, आणि शेजारी मागायला आला तर त्यालाही बादलीभर द्या; पुढच्या उन्हाळ्यात तुमचं घमेलं सुकलं तर बियाणं त्याच्याकडेच मिळेल.